कार्ड, पार्टिशन आणि छातीतली धडधड

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना वाटतं, भीती म्हणजे पिंपळ, अमावास्या आणि पांढरी साडी. त्यांनी कधी चुकीच्या डिस्कवर 'राइट', म्हणजे 'लिही', दाबलेलं नसतं!

आमच्याकडे असे किस्से कसे साठतात सांगू? आधी घाम फुटतो. मग दोन-तीन महिने त्या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. आणि मग एक दिवस चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "पण काही म्हण, त्या दिवशी तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं!" झाला किस्सा.

तुर्भ्याच्या एका गाळ्यात आमची चौघांची कंपनी. मालक सावंत सर, मूळचे कणकवलीचे. मुकादम चाचा, उरणकडचे, बोर्ड जुळवण्यात आमच्या सगळ्यांचे गुरू. घणसोलीचा निलेश म्हात्रे. आणि मी, मनीषा, कराडची. आम्ही पत्त्यांच्या कॅटएवढे छोटे कम्प्युटर बसवतो. गोदामाच्या गेटवर, कोल्ड स्टोरेजमध्ये, सोसायटीच्या कॅमेऱ्यांना. ह्यांच्यात हार्ड डिस्क नसते, नखाएवढं एसडी कार्ड असतं. आमच्याकडे तयार असलेली अख्खी सिस्टिम, म्हणजे इमेज, आधीचं सगळं पुसून जशीच्या तशी कार्डावर उतरवायची, त्याला आम्ही 'कार्ड फ्लॅश करणं' म्हणतो. कार्डाच्या आत भाग पाडलेले असतात, ती पार्टिशन. सगळी भानगड तिथेच!

*

माझा पहिलाच आठवडा. द्रोणागिरीच्या एका गोदामासाठी बारा कार्डं तयार करायची होती. चाचांनी शिकवल्याप्रमाणे मी एकेक करून बाराही फ्लॅश केली. चाचा जेवायला गेले. म्हटलं, आपण जरा तपासून बघू.

पहिलं कार्ड परत लॅपटॉपला लावलं आणि माझं पाणी पाणी झालं. बत्तीस जीबीचं कार्ड, दिसतंय फक्त दोनशे छप्पन्न एमबी! वर एक खिडकी उघडली: ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का?

दुसरं लावलं. तेच. तिसरं, तेच. मला वाटलं, आपण बारा कार्डं जाळली. कराडची बरी नोकरी सोडून आलेली, खारघरला खोली घेतलेली, आणि पाचव्या दिवशी घरी जायची वेळ. मनात आलं, फॉरमॅट केल्यावर बत्तीस जीबी परत येत असतील. बाराही कार्डं लावली आणि बाराही वेळा 'हो' दाबलं.

मग वॉशरूममध्ये जाऊन रडले.

बाहेर आले तर चाचा कार्डं बघत बसलेले. रागावले नाहीत. म्हणाले, "बेटी, ह्या कार्डात दोन खोल्या असतात. आपल्या विंडोजकडे चावी एकाच खोलीची. दुसरी खोली त्याला उघडत नाही, म्हणून तो बिचारा विचारतो, पाडू का?"

मी मान खाली घातली.

"आणि तू बारा वेळा म्हणालीस, पाड!"

*

निलेशचा किस्सा तो स्वतः सांगतो म्हणून मी सांगतेय. नाहीतर सांगितला नसता.

त्याची आत्या धवलारीन होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. तिच्या तोंडी जेवढी गाणी होती तेवढी कुठे लिहिलेली नव्हती. निलेशने वर्षभर बसून मोबाइलवर तिचा आवाज घेतला आणि सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवलं. आत्या गेली. त्यानंतर ती डिस्क तो बॅगेतच घेऊन फिरायचा. घरी राहिली तर कुणीतरी पाडेल म्हणायचा.

एके दुपारी ती डिस्क लॅपटॉपला लावलेली ठेवूनच तो कार्ड फ्लॅश करत होता. फ्लॅश करायचं सॉफ्टवेअर मोठ्या डिस्क मुद्दाम लपवून ठेवतं. त्याला यादीत कार्ड दिसेना, म्हणून त्याने 'सगळ्या दाखव'वर टिक केली. यादीत दोन नावं आली. एक दाबलं. 'राइट'.

मी समोर बसले होते. निलेश कार्ड रीडरकडे बघत होता. रीडरचा दिवा लागेना. मग त्याने मान वळवली. हार्ड डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता.

त्याने वायर खेचली. पण ओरडला वगैरे नाही. खुर्चीत बसला आणि दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. मी म्हटलं, "निलेश?" तर म्हणतो, "ताई, आत्या गेली." मला आधी कळेचना. ती तर वर्षापूर्वीच गेली होती.

सावंत सर केबिनमधून धावत आले. "मेल्यांनो, कोणी काही लावू नका, काही दाबू नका!"

वरचा थोडा भाग पुसला गेला होता, त्यात पार्टिशनची नोंदही. आता ती डिस्क म्हणजे नुसतं कोरं मैदान दिसत होती. पण पुढे जे होतं ते पुसलेलं नव्हतं, फक्त कुठे काय आहे हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. चाचांनी दुसऱ्या डिस्कवर आधी तिची हुबेहूब कॉपी काढली. मग आम्ही त्या कॉपीवर फाइलींचा शोध सुरू केला. दोन दिवस तो चालला. निलेश दोन दिवस डबा आणायचा आणि न उघडता परत न्यायचा.

शेवटी फाइली यायला लागल्या. नावं सगळी गेलेली, नुसते नंबर. कुठलं गाणं हळदीचं, कुठलं तांदळाचं, काही पत्ता नाही. काही अर्धवट, काही नुसती खरखर. निलेशने हेडफोन लावले आणि एकेक उघडत गेला. आम्ही कामाचं सोंग घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

एका फाइलला तो थांबला. मग हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. आधी भांड्यांचा आवाज आला. मग एक खणखणीत बाई म्हणाली,

"आरं निलू, तो मोबाइल ठेव खाली नि आदी जेवाला बस! गानी काय पलून नाय जात!"

*

त्यानंतर सरांनी एक नियम काढला. 'राइट' दाबण्याआधी डिस्कचं नाव आणि साइज मोठ्याने वाचायची. तीनदा. आणि बाकीच्या तिघांनी आपापल्या जागेवरून 'हो' म्हणायचं. गाळ्यात आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, ह्यांच्याकडे काही पूजा चाललीय.

सरांची भीती आमच्याहून मोठी. ते वाचताना घाम पुसायचे. एकदा ते एका मशीनवर एकदम अकरा कार्डं फ्लॅश करत होते. वाचलं, आम्ही 'हो' म्हटलं, त्यांनी दाबलं. अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात चाचांना फोन आला. चाचीचा असणार. चाचा फोनवर जोरात म्हणाले, "नाय नाय नाय! ते नको करू!"

सर उडी मारून उठले आणि त्यांनी सगळ्या गाळ्याचा मेन स्विच पाडला.

पंखे थांबले. अंधार. अकराच्या अकरा कार्डं अर्धवट लिहून बाद. त्या शांततेत चाचा फोनवर हळूच म्हणाले, "ओरडलो नाय गं. वांगी नको करू एवढंच."

*

न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डच्या गेटवर आमचा नंबर दाखवणारा बोर्ड आहे. कुठल्या ट्रेलरने कुठल्या लेनमध्ये जायचं ते तो सांगतो. एका सकाळी बोर्ड बंद पडला. कार्ड खराब. आमच्याकडे त्या कार्डाची इमेज होती, नवीन बत्तीस जीबीचं कार्ड होतं, म्हटलं दहा मिनिटांचं काम. मी एकटीच गेले.

फ्लॅश करायला घेतलं तर मशीन म्हणतं, जागा पुरत नाही! बत्तीसची इमेज, बत्तीसचं कार्ड, आणि जागा पुरत नाही? तर सगळ्या कंपन्यांचे बत्तीस सारखे नसतात. माझं कार्ड जुन्यापेक्षा किंचित लहान होतं. अगदी किंचित.

मागे ट्रेलरची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. हॉर्न. गेटवरचा सिक्युरिटीवाला दर मिनिटाला खिडकीत डोकावतोय. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "लहान कर पार्टिशन. पण आधी आतलं आवर, मग भिंत सरकव. उलटं केलंस तर भिंत सामानावर पडेल!" आणि घाबरून त्यांनीच फोन ठेवला.

मला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वीस ट्रेलर हॉर्न वाजवत असताना आकडा टाइप करणं वेगळं. एक शून्य कमी पडलं तर अर्धी सिस्टिम कापली जाणार. मी आकडा टाइप करायचे, पुसायचे, परत टाइप करायचे.

पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरून आला. बीडकडचा, मिशाळ. "काय झालंय हो, ताई?"

मी म्हटलं, "कार्ड थोडंसं लहान पडतंय."

"थोडंसं म्हंजी?"

"अगदी थोडंसं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आपल्या ट्रेलरकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो चाळीस फुटी हाय. एकोणचाळीस फुटाच्या जागंत लावून दावा, मग बघू थोडंसं म्हंजी किती ते!"

बोर्ड पावणेबाराला सुरू झाला.

*

नेरूळच्या एका सोसायटीतून सेक्रेटरींचा फोन आला. सकाळचे साडेदहा वाजले होते. "मॅडम, तुमच्या कॅमेऱ्यांचं कार्ड उघडत नाहीये. आमच्याकडचे आजोबा सकाळपासून सापडत नाहीत."

चौथ्या मजल्यावर राहणारे आजोबा. विसरायचा आजार. सूनबाई अंघोळीला गेली तेवढ्यात दार उघडून निघून गेलेले. घरातली माणसं एक सीवूड्सच्या बाजूला, एक जुईनगरच्या बाजूला धावलेली. नक्की कुठे शोधायचं हे कॅमेराच सांगू शकत होता. आणि कार्ड लावल्यावर कम्प्युटर म्हणत होता, फॉरमॅट करू का?

सेक्रेटरी म्हणाले, "मी 'हो' म्हणू का?"

मी फोनवर एवढ्या जोरात किंचाळले की निलेशच्या हातातला चहा सांडला. "हात लावू नका! कार्ड काढून टेबलावर ठेवा, मी येते!"

निलेशने बाइकवर सोडलं. सोसायटीच्या ऑफिसात सूनबाई बसली होती. अंघोळीनंतर न विंचरलेले केस, गाऊनवर ओढणी. ती माझ्या हातांकडे बघत होती.

आमचा नियम पक्का: मूळ कार्डावर काम करायचं नाही, आधी कॉपी. पण कॉपीला पाऊण तास लागला असता. आणि पाऊण तासात ऐंशीच्या पुढचा माणूस कुठल्या कुठे जातो! पाम बीच रोडवर गाड्या कशा जातात मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

कार्डाच्या अडॅप्टरला बाजूला एक बारीक खटका असतो. तो खाली केला की कार्डावर काही लिहिलं जात नाही, फक्त वाचता येतं. मी तो खाली केला, नीट बसलाय ना तीनदा बघितलं, आणि सरळ त्याच कार्डावर हरवलेलं पार्टिशन शोधायला लावलं. लिहायचं नाही, फक्त वाचायचं.

स्क्रीनवर आकडे सरकत होते. सूनबाई पहिल्यांदा बोलली. "त्यांनी चप्पल पण नाही घातली."

पार्टिशन सापडलं. फाइली दिसल्या. सकाळच्या फाइली मी लॅपटॉपवर घेतल्या आणि लावल्या. मेन गेटचा कॅमेरा: दूधवाला, पेपरवाला, शाळेच्या बसची मुलं. आजोबा नाहीत. सेक्रेटरी पुटपुटले, "मग गेले कुठून?" चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टसमोरचा कॅमेरा लावला. आठ वाजून बारा मिनिटं. पांढरा सदरा, अनवाणी. आजोबा लिफ्टपाशी आले, बटणं बघितली, आणि जिन्याने निघाले. खाली नाही. वर!

आम्ही सगळेच धावलो. गच्चीच्या दाराला कुलूप. कठडा बघायची हिंमत मला झाली नसतीच. पण दाराशेजारी लिफ्टच्या मशीनची खोली होती आणि तिची कडी अर्धवट लागलेली.

आजोबा आत एका उलट्या बादलीवर बसले होते. घामाने चिंब. सूनबाई त्यांच्यासमोर खाली बसली, तिला रडू आवरेना. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले,

"अर्जंट फाइल आहे म्हणून बोलावलंत, आणि साहेब अजून आलेच नाहीत!"

*

तुर्भ्यातच एक कोल्ड स्टोरेज आहे, मासळीचं. तिथे थंड करायला अमोनिया वापरतात. तो गॅस गळला तर आधी डोळे, मग छाती. म्हणून प्रत्येक खोलीत सेन्सर आणि ऑफिसबाहेर आमचा बॉक्स. सगळं ठीक असेल तर स्क्रीन हिरवी. गॅस वाढला की लाल, आणि भोंगा.

त्यांच्या इलेक्ट्रिशियनचा सकाळी फोन आला. "ताई, बॉक्स चालू आहे, हिरवाच आहे, पण वरचं घड्याळ पुढे जात नाही. बुधवारचे सव्वादोन दाखवतोय."

तो दिवस रविवार होता.

चाचा आणि मी गेलो. मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. बत्तीस जीबीचं कार्ड, पण इमेज उतरवल्यावर आतलं पार्टिशन पूर्ण कार्डभर ताणायचं असतं, ते ताणलेलंच नव्हतं. चार जीबीतच सगळं चाललेलं. नोंदी साठत गेल्या, जागा संपली, प्रोग्रॅम अडकला. स्क्रीनवर शेवटचं हिरवं चित्र मात्र तसंच राहिलं. चार दिवस. आणि ते कार्ड मी केलं होतं. पाकिटावर माझं अक्षर होतं.

चाचांनी पाकीट बघितलं आणि खिशात घातलं. मी नवीन कार्ड फ्लॅश केलं, पार्टिशन ताणलं, दोनदा तपासलं, लावलं. बॉक्स सुरू झाला. घड्याळ बरोबर. स्क्रीन हिरवी.

मी श्वास सोडतेय तोवर स्क्रीन लाल झाली आणि भोंगा वाजला.

मॅनेजर केबिनमधून धावत आले. आत चाळीसेक बायका कोळंबी सोलत होत्या, त्या माना वर करून बघायला लागल्या. "बंद करा ते! माल बाहेर काढलाय अर्धा. आत्तापर्यंत नीट चाललं होतं, तुम्ही हात लावला आणि बोंब! तुमचंच कार्ड खराब आहे!"

मला तेच वाटलं. बॉक्स अडकला ती चूक माझी, म्हणजे ही पण माझीच असणार. इमेजमध्ये टेस्टिंगचा एखादा आकडा राहून गेला असेल. वास घेतला तर नुसती मासळी. माझा हात स्विचवर गेला.

चाचांनी मनगट धरलं. "थांब. तीन नंबरच्या खोलीचा आकडा बघ."

अडतीस. मी बघत असतानाच एक्केचाळीस. सत्तेचाळीस.

"बेटी, खोटं बोलणारा एकच आकडा धरून बसतो. हा चढतोय."

चाचा मॅनेजरशी बोललेच नाहीत. सरळ हॉलच्या दारात गेले आणि ओरडले, "सगळ्या बाहेर! मागच्या गेटने! पदर नाकाला लावा!" एवढ्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. बायका उठल्या, टोपल्या लवंडल्या, गमबुटांचा धाड धाड आवाज. मी शेवटच्या तिघींना ढकलत बाहेर काढलं. इलेक्ट्रिशियन तोंडाला ओला फडका बांधून व्हॉल्व्हकडे पळाला.

आम्ही अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, वारा येत होता त्या बाजूला पळत असतानाच मागून तो वास आला. डोळ्यांत तिखट घातल्यासारखं झालं. कुणी खोकतंय, कुणी देवाचं नाव घेतंय. मॅनेजरांचा चेहरा पांढरा फटक. ते बोटाने डोकी मोजत होते. एक कमी.

"तीन नंबरला झाडू कोण मारतं?" त्यांनी विचारलं. "शांताबाई कुठाय? शांताबाई!"

चाचा परत आत जायला वळले. मी त्यांचा शर्ट पकडला.

तेवढ्यात गेटच्या बाहेरून, टपरीच्या बाकड्यावरून एक बाई उठली. डोळे लालभडक, पदराने पुसत पुसत आमच्याकडे आली.

मॅनेजर ओरडले, "अगं, तू बाहेर कधी आलीस? भोंगा तर आत्ता वाजला!"

"मी सकाळीच आले भाईर," शांताबाई म्हणाली. "चार दिस झालं सांगतीया, आत डोळं चुरचुरत्यात. तुमीच म्हनला न्हवं, मशीन हिरवं हाय, तवा तुजंच डोळं खराब!"